घेतलेला आडोसा आणि दिलेला आडोसा



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाच्या विषयाखाली व्हिडिओ गेमचे नाव निघावे, हे काहींस थट्टेचे वाटेल. परंतु ज्या खेळात आमच्या घरांतली मुले तासन्‌तास रमतात, त्या खेळालाही इतिहास असतो. तो आमच्या चांदा जिल्ह्याच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहिला, तर दोहोंवरही थोडा उजेड पडतो, असे आम्हांस वाटते.

बंदुकीच्या खेळात मुले दोन हाका वरचेवर मारतात. एक, 'कव्हर घे'. दुसरी, 'कव्हर दे'. पहिलीचा अर्थ असा की, भिंतीमागे किंवा पिंपामागे लप. दुसरीचा अर्थ असा की, मी उघड्यावरून पलीकडे धावतो आहे, तोवर तू गोळ्या झाडून शत्रूला मान वर काढू देऊ नकोस. पहिला आडोसा दगडाचा, दुसरा माणसाचा. आमचे आजचे सारे म्हणणे 'घेणे' आणि 'देणे' या दोन क्रियापदांपुरते आहे.

प्रथम खेळाचा इतिहास पाहू. 1978 साली जपानमधील तायतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ तयार केला. त्यात खेळणाराच्या डोक्यावर चार लहान बुरूज असत. शत्रूच्या माऱ्याने ते ढासळत आणि खालून स्वतःची गोळी लागली तरी ढासळत. आडोसा कायमचा नसतो, तो वापराने झिजतो, हा धडा पहिल्याच पाठात आला होता. पुढे नव्वदीच्या दशकात नामको कंपनीच्या 'टाइम क्रायसिस'मध्ये पायाखाली एक पट्टी आली. ती दाबली की उठून गोळीबार करावयाचा, सोडली की खाली बसावयाचे. याच कंपनीच्या 2003 सालच्या 'किल स्विच'ने सबंध खेळच आडोशाभोवती रचला. आणि नोव्हेंबर 2006 मध्ये एक्सबॉक्स 360 या कन्सोलवर एपिक गेम्सचा 'गिअर्स ऑफ वॉर' आला, तेव्हापासून ही पद्धत घरोघर पोहोचली.

या पद्धतीत एक बटण दाबले की सैनिकाची पाठ भिंतीला चिकटते. तेथून डोकावून नेम धरता येतो. डोके न काढता नुसती बंदूक वर करून अंदाजाने झाडताही येते. जखम झाली तर आडोशाला थोडे थांबले की ती भरून निघते. उघड्यावर उभे राहून गोळ्या उधळणारा मात्र लवकर मरतो. त्यामुळे खेळणाराला डोके चालवावे लागते: एकाने समोरून शत्रूला गुंतवून ठेवावे, दुसऱ्याने बगलेने जाऊन त्याला गाठावे. शत्रूही हेच करतो, म्हणून एका भिंतीमागे फार वेळ बसून भागत नाही.

या खेळांत कमरेइतक्या भिंती ओळीने मांडलेल्या असतात. मुरलेला खेळाडू असे दालन पाहताच ओळखतो की आता चकमक होणार. त्या भिंती कुणीतरी त्याच्यासाठीच मांडलेल्या असतात. खऱ्या इतिहासात लढणाऱ्यासाठी भिंती कोण मांडून ठेवतो?

याचे उत्तर शोधण्यास आम्हांस दूर जावे लागत नाही. 1854 साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि चांदा त्यांच्या ताब्यात गेला. मार्च 1858 मध्ये मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातील पंचविशीतला गोंड तरुण, बाबूराव शेडमाके, गोंड आणि रोहिले यांची फौज जमवून उठला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्याला येऊन मिळाले. त्यांनी राजगड परगणा घेतला. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने फौज धाडली. 13 मार्चला नांदगाव-घोसरी येथे लढाई झाली, पुढे एप्रिलमध्ये सगणापूर आणि बामणपेठ येथेही झाल्या. गढी सुर्ल्याच्या टेकडीवरून या लोकांनी चढून येणाऱ्या इंग्रजी फौजेवर दगड लोटले, अशी आठवण येथे आजही सांगतात. ज्या दगडामागे लपावयाचे तोच हत्यार म्हणून खाली सोडावयाचा, हा डाव मैदानी कवायत शिकलेल्या शिपायाला कुठून सुचणार? साग-बांबूचे जंगल, टेकड्या आणि प्राणहितेचा काठ ही जंगलच्या माणसाची पायाखालची वाट होती.

29 एप्रिलच्या रात्री प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले, पीटर निसटला. या हल्ल्यानंतर बाबूरावास पकडण्यासाठी सरकार इरेला पेटले.

आता डावपेचाची खरी गोष्ट येते. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत फौजेला जे जंगलात साधले नाही, ते क्रिक्टनने दुसऱ्या बाजूने साधले. त्याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले आणि त्यांच्या माणसांकरवी 18 सप्टेंबर 1858 रोजी बाबूराव पकडला गेला. 21 ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. व्यंकटराव बस्तरात निसटले. 1860 मध्ये तेही धरले गेले, जन्मठेप झाली आणि जमीनदारी जप्त झाली.

म्हणजे घेतलेला आडोसा शेवटपर्यंत शाबूत होता. टेकडी फितूर झाली नाही, सागाने वाट दाखविली नाही. तुटला तो दिलेला आडोसा. लक्ष्मीबाईंस नुसते दूषण देऊन हा प्रश्न संपत नाही. सरकारने एकटे गाठून दटावले, तेव्हा त्यांच्या पाठीशी तरी कोण उभे होते? आम्ही आयुष्य कामगारांत घालविले. संप लाठीने क्वचित मोडतो. रांगेतल्या एकाला बाजूस घेऊन भीती आणि लोभ दाखविला की तो मोडतो. समोरून गुंतवावयाचे आणि बगलेने गाठावयाचे, हा डाव कन्सोलवर येण्यापूर्वी सत्तेला चांगला ठाऊक होता.

खेळातल्या भिंती मांडणाऱ्यांचीही एक हकीकत आहे. अमेरिकेत 'कॉल ऑफ ड्यूटी' या युद्धखेळावर काम करणाऱ्या रेव्हन सॉफ्टवेअरमध्ये डिसेंबर 2021 मध्ये, खेळातील चुका तपासणाऱ्या बारा जणांना कामावरून कमी केल्याचे सांगण्यात आले. इतरांनी काम थांबविले. 23 मे 2022 रोजी तेथील तपासनिसांनी 19 विरुद्ध 3 मतांनी आपली संघटना स्थापली. दुसऱ्यांसाठी पडद्यावर आडोसे तपासणाऱ्या या मंडळींना स्वतःच्या नोकरीपुरता आडोसा नव्हता. तो त्यांनी एकमेकांना दिला.

अहेरी, घोट, चिंचगुंडी ही गावे 1982 पासून गडचिरोली जिल्ह्यात आहेत. त्या जंगलाने पुढेही गोळ्यांचे आवाज ऐकले आहेत, आणि तेथे आडोशाला थांबल्याने कुणाची जखम भरून आलेली नाही. हे मुलांस कुणीतरी सांगितले पाहिजे. खेळू नका, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मुलाच्या हातचा रिमोट हिसकावण्याऐवजी शेजारी बसून त्याला विचारा: आज तू कव्हर किती वेळा घेतलेस, आणि किती वेळा दिलेस? तो विचार करू लागला, तर त्याला बाबूरावाची गोष्ट सांगण्याची ती वेळ आहे.