मिठाचा वाद आणि मिठाचा पुरावा

पोफळीत काय किंवा चिपळुणात काय, मिठाचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: डॉक्टरांतच एकमत नाही, मोबाइलवर रोज नवं काही येतं, मग आपण कशाला जीव आळणी करायचा? त्याला कोकणची खास पुरवणी असते. कुंभार्लीच्या पायथ्याशी, या दमट हवेत राबणाऱ्याला घाम येतो. त्याला मीठ जास्तच हवं. शिकलेली माणसंही हे ठामपणे सांगतात. मला दोन्ही म्हणणी अमान्य आहेत.

पूर्वपक्ष मात्र पोकळ नाही. 2014 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ‘प्युअर’ हे संशोधन आलं. 17 देशांतली एक लाखाहून जास्त माणसं त्यात होती. दिवसाला 3 ते 6 ग्रॅम सोडियम घेणाऱ्यांत मृत्यू आणि हृदयविकार सर्वांत कमी, त्याच्या वर धोका आणि खालीही धोका, असा त्याचा निष्कर्ष. ‘कमी मीठही घातक’ ही बातमी लोकांनी आवडीने वाचली, कारण ती सवयीला सोयीची होती. 3 ते 6 ग्रॅम सोडियम म्हणजे साडेसात ते 15 ग्रॅम मीठ. भारतीयांचं राष्ट्रीय पाहणीतलं सरासरी मीठ दिवसाला 8 ग्रॅम, म्हणजे आपण अगदी सुरक्षित पट्ट्यात! पूर्वपक्षाचं सर्वांत बळकट शस्त्र हेच.

आता ते शस्त्र तपासू. ‘प्युअर’मध्ये प्रत्येकाची सकाळची लघवी एकदाच तपासली आणि त्यावरून दिवसभराच्या सोडियमचा अंदाज बांधला. माणूस काल काय जेवला यावर असा अंदाज हलतो. शिवाय आधीच आजारी असलेल्याचं जेवण कमी होतं, त्यामुळे मीठही कमी होतं. तो पुढे दगावला तर दोष मिठाच्या कमतरतेवर जातो. 2022 साली त्याच नियतकालिकात सहा गटांतल्या दहा हजारांहून अधिक माणसांचा अभ्यास आला. त्यात 24 तासांची लघवी एकापेक्षा जास्त वेळा मोजली होती. तिथे सोडियम वाढेल तसा हृदयविकार वाढताना दिसला. कमी बाजूला धोका पुन्हा वर चढलेला आढळला नाही.

निरीक्षणापेक्षा प्रयोगाचं वजन अधिक. 2001 सालच्या ‘डॅश’ प्रयोगात 412 माणसांना मिठाच्या तीन पातळ्यांवर जेवण दिलं. प्रत्येक पायरीला रक्तदाब उतरला, मधल्या पातळीवरून सर्वांत खालच्या पातळीवर जातानाही उतरला. 2021 साली चीनमधल्या 600 खेड्यांत, सुमारे 21 हजार माणसांवर झालेला प्रयोग त्याहून बोलका आहे. निम्म्या खेड्यांना पाऊण भाग साधं मीठ आणि पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं. सुमारे पाच वर्षांत पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी झाले, मृत्यू 12 टक्क्यांनी. यातलं काही श्रेय पोटॅशियमचं आहे, हे मान्य. पण सोडियम घटवल्याने माणसं मरतात, हे भाकीत तिथे टिकलं नाही.

मग वाद एवढा मोठा का दिसतो? 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 1978 ते 2014 मधले मिठावरचे 269 लेख तपासले गेले. 54 टक्के मीठ कमी करण्याच्या बाजूचे, 33 टक्के विरोधी. दोन्ही बाजू आपल्याच मताचे दाखले जास्त देत होत्या. पण मला त्यातला दुसरा आकडा मोलाचा वाटतो: 66 टक्के लिखाण टिप्पण्या, पत्रं आणि आढावे होतं, प्रत्यक्ष संशोधन फक्त 25 टक्के. म्हणजे गलबला झाला तो मुख्यतः मतांचा. लेखांच्या संख्येने गलबला मोजता येतो, पुरावा नाही.

राहिला घाम. हवेची सवय झाली की शरीर घामातून सोडियम राखायला लागतं. आठवडा-दोन आठवड्यांत हा बदल होतो. 1988 च्या ‘इंटरसॉल्ट’ पाहणीत ॲमेझॉनच्या उष्ण, दमट जंगलातले यानोमामी आदिवासी होते. त्यांच्या आहारात मीठ जवळजवळ नव्हतंच आणि सरासरी रक्तदाब होता 96 आणि 61. उन्हात दिवसभर खपणाऱ्याला मीठ लागतं हे खरं, पण त्या निमित्ताने सावलीत बसणाऱ्यानेही ताटात वाढून घ्यायचं याला आधार नाही.

पाश्चात्त्यांचं बरंचसं मीठ कारखान्यातल्या पाकिटांतून येतं. आपलं येतं आमटीतून, लोणच्यातून, सुकटीतून, आगळातून, पावसाळ्यासाठी खारवलेल्या गऱ्यांतून. त्यामुळे तिकडचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. इथे हात घरच्याच डब्यात घालावा लागतो. साध्या मिठाऐवजी सैंधव वापरलं, तरी तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. पोटॅशियमचं मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी आहे. चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला ते 600 ग्रॅम होतं, लोणचं-पापड-सुकट धरून. पुढची किलोची पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख लिहा आणि ती 50 दिवस पुरते का, ते पाहा.