थ्री नॉट थ्री (ली-एनफिल्ड आणि इशापूर २ए१)

भारतीय लष्कराची आणि पुढे पोलिसांची बोल्टची रायफल. नळीचा व्यास ०.३०३ इंच (७.७ मिमी). जेम्स पॅरिस ली यांनी रचलेला बोल्ट आणि इंग्लंडमधल्या एनफिल्ड कारखान्याची नळी यांतून ती १८९५ साली आकाराला आली. १९०७ चा आखूड ‘मार्क ३’ नमुना भारतात सर्वाधिक रुळला. कोलकात्याजवळच्या इशापूर कारखान्यात तो बनत असे. पहिल्या महायुद्धात इराकमधील कुतच्या वेढ्यात सापडलेल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणींच्या हाती ली-एनफिल्डच होत्या.

तिचे बळ बोल्टच्या चपळाईत होते. मूठ उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस उजवीकडे उडते. पुढे ढकलली की मॅगझिनमधले वरचे काडतूस नळीत जाते आणि त्याच झटक्यात घोडा ताणला जातो. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. तयार जवान मिनिटाला पंधरा नेमके बार काढी. काडतुसाच्या बुडाला कडा असल्याने भरताना वरच्याची कडा खालच्याच्या पुढे ठेवावी लागे, नाहीतर ती अडकत.

१९६२ च्या चीन युद्धात हीच रायफल घेऊन जवान हिमालयात लढले. त्यानंतर इशापूरने ७.६२ मिमी काडतुसाची २ए आणि मग २ए१ घडवली. जुन्या थ्री नॉट थ्रीची नळी बदलून ही केली, असे अनेकदा लिहिले जाते, ते चूक आहे. ती अधिक मजबूत पोलादाची, नव्याने घडवलेली बंदूक होती आणि तिचे श्रेय इशापूरच्या कारागिरांना नि:संकोच द्यायला हवे. याच शस्त्रसज्जतेच्या काळात, १९६४ मध्ये, जळगाव जिल्ह्यात वरणगावचा काडतूस कारखाना उभा राहिला. 

लष्करात स्वयंभरण रायफल आल्यावर थ्री नॉट थ्री पोलिसांकडे उरली. एन.सी.सी.च्या कवायतीतही ती अनेकांनी खांद्यावर घेतली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेतलेल्या हल्लेखोरांसमोर काही रेल्वे पोलिसांकडे हीच रायफल होती. एकेका बारानंतर बोल्ट ओढत ते लढले. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताकदिनी निरोप दिला. रायफल उत्तम होती. पण लष्कराने बाजूला ठेवलेले हत्यार पोलिसांच्या हाती इतकी दशके ठेवणे ही राज्यकर्त्यांची अक्षम्य दिरंगाई होती.