मोजमापाबाहेरच्या मुली : कुरकुंभ आणि गर्भावस्थेतील रसायनसंपर्क

पुण्याहून सोलापूरकडे जाताना पाटस ओलांडल्यावर लागणारे दौंड तालुक्यातील कुरकुंभ हे गाव पूर्वी फिरंगाई देवीच्या स्थानामुळे ओळखले जाई. पर्जन्यछायेतल्या या मुलखात जिराईत शेती आणि काळ्या पाषाणाच्या भेगांतून विहिरीत पाझरणारे पाणी यांवरच संसार चालत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीत औषधांचा कच्चा माल आणि सेंद्रिय रसायने बनवणारे कारखाने आले, तेव्हा रोजगार आला, बाजारपेठ वाढली, आणि त्याच विहिरींच्या पाण्याबद्दल तक्रारीही सुरू झाल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये एका कारखान्याला रात्री आग लागून ग्रामस्थांना घरे सोडावी लागली, तेव्हा त्याची बातमी सर्वत्र झाली. परंतु ज्या धोक्याला ना धूर असतो ना वास, आणि जो आज पोटात असलेल्या मुलीला वीस-पंचवीस वर्षांनी कळतो, त्याचा इतिहास या गावाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे.

गर्भधारणेच्या पहिल्या तीन महिन्यांतच मुलीच्या शरीरात म्युलरच्या नलिका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन बारीक नळ्यांपासून गर्भाशय व गर्भनलिका घडू लागतात. पाचव्या महिन्याच्या सुमारास तिच्या बीजकोशांत साठ-सत्तर लाख बीजपेशी असतात, जन्मापर्यंत त्यांतल्या दहा ते वीस लाख उरतात, आणि नंतर त्यांत भर पडत नाही असेच आजवर मानले जाते. म्हणजे मुलगी पोटात असताना आईच्या रक्तात आलेले द्रव्य नातवंडांच्या बीजापर्यंत पोहोचू शकते. ग्रंथींतून रक्तात मिसळून दूरच्या अवयवांना चालना देणाऱ्या द्रव्यांना संप्रेरके म्हणतात, आणि त्यांची नक्कल करणाऱ्या किंवा त्यांच्या कामात अडथळा आणणाऱ्या बाहेरच्या रसायनांना अंतःस्रावविघातक द्रव्ये. घडणीच्या काळात अशा द्रव्याने केलेली इजा बाळंतपणात दिसेलच असे नाही. मूल सुदृढ जन्मते, सर्वांचा जीव भांड्यात पडतो, आणि प्रश्न त्या मुलीला दिवस राहण्याची वेळ येते तेव्हा उभा राहतो.

हे वैद्यकाला कळले ते फार मोठी किंमत मोजून. १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये तयार झालेले डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्रीसंप्रेरक गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत गर्भवतींना सर्रास दिले गेले. १९५३ मध्ये शिकागोतील चाचणीत त्याचा काहीही उपयोग होत नसल्याचे दिसले, तरी ते चालूच राहिले. १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी योनीच्या अतिशय दुर्मीळ कर्करोगाच्या आठ तरुण रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, आणि त्यांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी हे औषध घेतलेले होते. पुढे अशा मुलींमध्ये गर्भाशयाच्या आकारातील दोष, वंध्यत्व आणि गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा यांचेही प्रमाण अधिक आढळले.

भारतात याच जातीचा प्रश्न वेगळ्या रूपाने आला. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांची जास्त मात्रेची गोळी किंवा इंजेक्शन गर्भनिदानासाठी दिले जाई : पाळी आली तर गर्भ नाही, न आली तर आहे. प्रत्यक्षात कित्येक बायका ते ‘पाळी आणण्यासाठी’ घेत, आणि गर्भ न पडता टिकला तर त्याला त्या संप्रेरकांचा संपर्क घडलेला असे. या औषधाने व्यंग येते की नाही यावर वाद राहिला, पण लघवीच्या साध्या तपासणीने जे कळते त्यासाठी गर्भाला असा धोका पत्करायला लावणे समर्थनीय नव्हतेच. सरकारने १९८२ मध्ये घातलेली बंदी उत्पादकांनी न्यायालयात अडवली. लोकविज्ञान संघटना आणि मेडिको फ्रेंड सर्कल यांसारख्या गटांनी हा विषय लावून धरला, १९८७ मध्ये जाहीर सुनावण्या झाल्या आणि १९८८ मध्ये बंदी अखेर पक्की झाली. सहा वर्षे ही साधी दिरंगाई नव्हे. त्या काळात किती गरोदरपणे आली आणि गेली.

गोळी घेतल्याची नोंद चिठ्ठीवर तरी राहते, पाण्याची राहत नाही. औषधनिर्मिती कारखान्यांच्या सांडपाण्याचे जे निकष आपल्याकडे आहेत, त्यांत आम्लता, सेंद्रिय भार आणि काही विषारी घटक यांबरोबर माशांची एक कसोटी आहे : प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर शंभरांतले नव्वद मासे जिवंत राहिले पाहिजेत. कॅनडातील एका प्रायोगिक तलावात २००१ पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतील संप्रेरक लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागांच्या हिशेबात, मिसळले गेले. तिथल्या एका लहान जातीच्या नर माशांत मादीची लक्षणे उमटली आणि त्या जातीची संख्या जवळपास संपुष्टात आली. असे पाणी ९६ तासांच्या कसोटीत सहज उत्तीर्ण झाले असते, कारण ती कसोटी मरण मोजते, प्रजनन मोजत नाही. कुरकुंभच्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे कागद कितीही चोख असले, तरी त्यांतून या प्रश्नाचे उत्तर मिळणे शक्य नाही.

सारा दोष वसाहतीवर टाकणेही इतिहासाला धरून होणार नाही. १९५३ पासूनच्या राष्ट्रीय हिवताप कार्यक्रमात घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले जाई आणि शेतीतला त्याचा वापर १९८९ पर्यंत थांबला नव्हता. कॅलिफोर्नियात १९६० च्या सुमारास साठवलेले बाळंतिणींचे रक्त तपासून २००३ मध्ये दाखवण्यात आले, की आईच्या रक्तात डीडीटी जितके अधिक, तितकी तिच्या मुलीला दिवस राहण्याची शक्यता कमी. त्याच्याच विघटनातून होणाऱ्या डीडीईचा कल मात्र उलटा निघाला. इतका गुंतागुंतीचा निष्कर्ष हाती आला तो कोणीतरी रक्त चाळीस वर्षे जपून ठेवले म्हणून.

असे जपणे पुणे जिल्ह्याला अपरिचित नाही. शेजारच्या शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण केंद्र आहे, आणि त्याच रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्यालगतच्या सहा गावांतील स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीपासून नोंद सुरू करून त्यांची मुले मोठी होईपर्यंत पाठपुरावा केला. तो अभ्यास पोषणाचा आणि मधुमेहाचा होता. पण आईपासून लेकीपर्यंत धागा न तुटू देण्याची पद्धत त्यातून सिद्ध झाली. हीच पद्धत कुरकुंभ आणि त्याच्या आसपासच्या वाड्यांत, विहिरींच्या पाण्याची संप्रेरकसदृश परिणामांसाठी तपासणी, गर्भवतींच्या रक्ताचे जतन आणि मुलींच्या पाळीची व पुढील गर्भारपणाची नोंद अशा रूपाने राबवणे शासनाला, आरोग्य खात्याला आणि वसाहतीतील कारखान्यांना मिळून करता येईल, आणि ते या वर्षी गरोदर असलेल्या स्त्रियांपासूनच सुरू झाले पाहिजे.