हातातलं पत्र टाकून उठायचं नाही

तर झालं असं. जाफराबादेत एका छोट्या पतसंस्थेचं संगणकाचं काम मी बघतो. काम म्हणजे फार काही नाही. एक जुना लिनक्सचा सर्व्हर, एक यूपीएस आणि मीच लिहिलेला एक लहानसा प्रोग्राम. कर्जाचा हप्ता थकला की स्मरणपत्राची ईमेल पाठवायची, एवढंच त्याचं काम. स्क्रीनवर तो कुठे दिसत नाही, मागे गुपचूप चालू असतो.

या प्रोग्रामला एक खोड होती. तो बंद व्हायचा नाही. वीज गेली, यूपीएस टीं-टीं करायला लागला की मी सर्व्हर बंद करायला सांगायचो. बाकी सगळं पटापट आवरायचं आणि हा एकटा अडून बसायचा. बरोबर दीड मिनिटानं यंत्रणाच त्याचा गळा दाबायची आणि मशीन बंद व्हायचं. मी म्हणायचो, शेवटी बंद होतंय ना, मग झालं. असे कित्येक महिने गेले.

मग एके दिवशी एक काका संस्थेत आले. कर्ज त्यांच्या नावावर आणि ईमेलचा पत्ता पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा. स्मरणपत्र आल्या आल्या मुलानं पैसे पाठवले, काकांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच हप्ता भरला, पावती खिशात. पण त्यानंतरही मुलाला तेच पत्र आणखी दोनदा गेलं. "एकदा सांगितलं आस्तं तरी कळलं आस्तं ना भाऊ," काका म्हणाले. "आता पोराला वाटतंय, म्या पैसे दुसरीकडंच खर्चले."

काकांनी आवाज चढवला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. रात्री लॉग उघडून बसलो. आणि त्या एका पत्राच्या मागे जाता जाता थेट १९६३ सालापर्यंत पोचलो. ती हकिकत सांगावी म्हणून हा लेख.

मागे गुपचूप चालणाऱ्या अशा प्रोग्रामला 'डेमन' म्हणतात. पत्ता चुकला की 'मेलर-डेमन' नावाच्या कुणाचं तरी पत्र परत येतं, ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय. हे नाव अमेरिकेतल्या एमआयटीत १९६३ साली सुरू झालेल्या 'प्रोजेक्ट मॅक'मधलं. फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मॅक्सवेलच्या डेमनवरून उचललं. मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञानं १८६७ मध्ये एक कल्पना मांडली होती. दोन खोल्यांमधल्या दारात एक चिमुकला पहारेकरी बसलाय आणि वेगवान कण एकीकडे, मंद कण दुसरीकडे असं न थकता निवडतोय. त्याला 'डेमन' हे नाव पुढे विल्यम थॉमसननं दिलं. आपल्याकडच्या गोष्टीतलं भूत आठवा. सतत काम द्या, नाहीतर तुम्हालाच खाईन म्हणणारं, आणि शेवटी खांबावर चढ-उतर करत बसवलेलं. संगणकातला डेमन अगदी तसाच. काम आहे का, काम आहे का, असं दिवसरात्र बघत बसतो.

भूत कामाला लावायची युक्ती गोष्टीत सांगितलेली असते. त्याला घरी कसं पाठवायचं, ते मात्र कुणी सांगत नाही. युनिक्सच्या मंडळींनी त्यासाठी दोन रस्ते ठेवले. पंधरा नंबरचा सिग्नल म्हणजे विनंती, की बाबा, आवर आता. प्रोग्राम ती ऐकतो, हातातलं संपवतो आणि जातो. नऊ नंबरचा सिग्नल म्हणजे वार. तो प्रोग्रामला ऐकूही येत नाही, आवराआवरीला क्षणही मिळत नाही. २०१० साली आलेलं आणि आज बहुतेक लिनक्समध्ये असलेलं सिस्टिमडी हेच दोन सिग्नल वापरतं. आधी पंधरा, मग थांबणं, तरी नाही ऐकलं तर नऊ. वेगळं काही सांगितलं नसेल तर थांबायची मुदत नव्वद सेकंद. म्हणजे माझं दीड मिनिट ते हेच.

आता टपालाकडे येऊ. ईमेल एका मशीनकडून दुसऱ्या मशीनकडे कशी द्यायची याचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या कागदात लिहिले. संभाषण अगदी खेड्यातल्या पोस्टासारखं आहे. मी अमुक, पत्र तमुकचं, हे घ्या. मजकूर संपला की एका ओळीवर फक्त एक टिंब द्यायचं. समोरच्यानं '२५०' असं उत्तर दिलं की पत्र त्याचं झालं. १९८९ च्या आरएफसी ११२३ मध्ये हे आणखी स्पष्ट केलं. २५० म्हणणं म्हणजे नुसती पोच नाही, ती जबाबदारी आहे. त्यानंतर मशीन बंद पडलं, अशा कारणानं पत्र हरवता कामा नये.

आणि जोपर्यंत २५० येत नाही तोपर्यंत पत्र पाठवणाऱ्याचंच. त्यानं ते आपल्या रांगेतून काढायचं नाही.

सगळी गोम त्या टिंबाच्या आणि २५० च्या मधल्या वेळात आहे. टिंब पोचलंय, समोरच्यानं पत्र घेतलंय, पण उत्तर द्यायच्या आधी तो पत्र तपासतोय, ठेवतोय. नेमकं तेव्हाच पाठवणाऱ्यानं फोन ठेवला तर? समोरचा म्हणतो पत्र मिळालं. पाठवणारा म्हणतो गेलंच नाही, पुन्हा पाठवू. एकाची दोन पत्रं होतात. क्रेग पार्ट्रिज यांनी १९८८ साली आरएफसी १०४७ मध्ये नेमकं हेच दुखणं मांडलं होतं. त्यामुळे ११२३ मध्ये त्या शेवटच्या टिंबानंतर उत्तराची वाट किमान दहा मिनिटं बघा असं सांगितलंय.

दहा मिनिटं! आणि माझं मशीन देत होतं दीड.

लॉगमध्ये सगळं होतं. स्मरणपत्रं रोज संध्याकाळी सहाला निघायची आणि त्या आठवड्यात वीजही सहाच्या सुमारास जायची. मुलाच्या ईमेलचा सर्व्हर टिंबानंतर चार-चार मिनिटं उत्तर द्यायचा नाही. प्रोग्रामला पंधरा नंबरचा सिग्नल मिळालेला होता. नवीन पत्र घेणं त्यानं थांबवलं होतं आणि हातातल्या एका पत्राची पोच येईपर्यंत तो उभा होता. ज्याला मी खोड समजत होतो, तो त्याचा इमान होता. दीड मिनिटानं आम्ही त्याला मारायचो, पत्र रांगेतच राहायचं, दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा निघायचं.

इथे मला आमच्या भागाचा एक जुना संदर्भ आठवतो. जाफराबाद निजामाच्या मुलखात होतं. लोक अजूनही मोगलाई म्हणतात. शेजारचं चिखली, देऊळगाव राजा वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या कारभारात. हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं टपाल खातं होतं, १८६९ पासून स्वतःची तिकिटं होती, आणि ती संस्थानापुरतीच चालायची. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली. टपाल मात्र त्या दिवशी संपलं नाही. भारताची तिकिटं तिथे लागू झाली ती १ एप्रिल १९५० पासून, जवळजवळ दीड वर्षानं.

शाळेत हे वाचलं तेव्हा मला सरकारी दिरंगाई वाटली होती. आता तसं वाटत नाही. झेंडा एका दिवसात उतरवता येतो. पण वाटेवरच्या पिशव्या, लोकांनी पैसे मोजून घेतलेली तिकिटं, मनीऑर्डरी, हरकाऱ्याच्या खांद्यावरचं ओझं एका दिवसात कसं उतरवणार? टपाल बंद करायचं तर खिडकी आधी बंद होते, आत छाटणी चालूच राहते, आणि पिशवी कुणाच्या तरी हाती सोपवल्यावरच शेवटचा माणूस उठतो.

मग दुरुस्ती सोपी होती. पाच वाजता पाठवायला सुरुवात. सिस्टिमडीत या एका प्रोग्रामपुरती थांबायची मुदत नव्वद सेकंदांवरून अकरा मिनिटं. यूपीएस वीस मिनिटं तग धरतो, तेव्हा तेवढं परवडतं. इंटरनेटचा राउटरही त्याच यूपीएसवर घेतला, नाहीतर वाट बघण्यात अर्थच नव्हता. आणि एक, जे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं: रांगेतलं जुनं पत्र पुन्हा पाठवण्याआधी हप्ता भरला गेलाय का, ते बघायचं. भरला असेल तर पत्र फाडून टाकायचं. हे कुठल्या आरएफसीत नाही. ते काकांनी शिकवलं.

मुलाला मी स्वतः फोन केला. चूक आमची होती, तुमच्या वडिलांनी हप्ता दुसऱ्याच दिवशी भरला होता, असं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग तो म्हणाला, "त्यांना फोन करतो आता."

त्या शांततेत मीही थांबलो. पोच आल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, एवढं तोवर कळलं होतं.