लॅटिफोलिया

लॅटिफोलिया : वनस्पतींच्या शास्त्रीय नावांत येणारे लॅटिन सामासिक विशेषण. अर्थ ‘रुंद पानांची’. शहापूर-मुरबाडच्या पानझडी जंगलातील मोह, शिसव व धावडा या तिन्ही वृक्षांच्या नावांत ते आढळते. मूळ उच्चार ‘लातिफोलिया’च्या जवळचा, मराठीतला ‘लॅ’ इंग्रजीमार्गे आला.

व्युत्पत्ती : लातुस (रुंद) + फोलियुम (पान). पूर्वपदाचा प्रत्यय गळून जोडस्वर ‘इ’ येतो. ग्रीक पदे जोडताना बहुधा ‘ओ’ येतो. शब्दाचा वापर सामान्यतः प्लिनीपर्यंत मागे नेतात. लिनीअसने 1753 मध्ये तो जातिवाचक नावांत योजला.

व्याकरण : समास बहुव्रीही. फोलियुम नपुंसकलिंगी असले तरी सामासिक शब्द विशेष्याचे लिंग घेतो : लातिफोलियुस, लातिफोलिया, लातिफोलियुम. संस्कृतात नपुंसकलिंगी ‘पर्ण’ शब्दापासून पुल्लिंगी ‘सप्तपर्णः’ होतो, तसाच हा प्रकार. विद्यार्थी हमखास अडखळतात ते धावड्यापाशी. त्याचे प्रजातिनाम ॲनोजीसस दिसायला पुल्लिंगी, पण विशेषण लॅटिफोलिया असे स्त्रीलिंगी. कारण रोमन परंपरेत वृक्षनामे स्त्रीलिंगी मानतात. उंबराचे फायकस रॅसिमोझा हे नावही याच नियमाने बनले. विशेषणातली रुंदी सापेक्ष आहे. सागाच्या पानाशेजारी धावड्याचे पान कोणी रुंद म्हणणार नाही.

मोहाचे नामांतर : केनिगने 1771 मध्ये बॅसिया लाँगिफोलिया (लांब पानांची) व रॉक्सबर्गने 1795 मध्ये बॅसिया लॅटिफोलिया अशी नावे दिली. पुढे प्रजाती बदलून संस्कृत ‘मधूक’वरून मधुका झाली. दोन्ही जाती एकच मानल्यावर आधीचे विशेषण टिकले आणि रुंदपानी मोह हा लांबपानी मोहाचा एक प्रकार ठरला : मधुका लाँगिफोलिया, प्रकार लॅटिफोलिया. काही ग्रंथांत मधुका इंडिका हे नाव आढळते.

उपयोग : मोहाची फुले व बियांचे तेल, शिसवाचे लाकूड, धावड्याचा डिंक.

सद्यःस्थिती : शिसवाचे डॅल्बर्जिया लॅटिफोलिया हे नाव कायम आहे. धावडा 2017 मध्ये टर्मिनॅलिया प्रजातीत गेला. तेथे लॅटिफोलिया हे विशेषण जमेकातील एका वृक्षाने आधीच अडवले असल्याने त्याला टर्मिनॅलिया ॲनोजीसियाना असे नवे नाव द्यावे लागले. कुकच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात मात्र धावडा जुन्याच नावाखाली पाहावा.