कथानक म्हणजे काय?
घटना एकामागून एक सांगितल्या की गोष्ट होते; एकीमुळे दुसरी का घडली, हे मांडणीतून कळले की कथानक. ते फक्त रहस्यकथेत असते, हा गैरसमज आहे. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) ही कादंबरी पाहा. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर आणि नाझी जर्मनी सोडावी लागलेली ज्यू तरुणी हॅर्टा प्रेमात पडतात. वरवर पाहता फारसे काही घडत नाही. पण मुंबई आली की तो उतरणार, तिला पुढे जावे लागणार. म्हणून प्रत्येक भेटीगणिक उरलेले दिवस कमी होतात, साध्या गप्पांनाही धार येते. शेवट इथे सांगत नाही. तो अनपेक्षित असूनही उपरा वाटत नाही, कारण हा हिशेब वाचकाच्या मनात आधीपासून चालू असतो.