सिंक, स्वयंपाकघरातील

स्वयंपाकघराच्या ओट्यात बसवलेले, तळाशी निचऱ्याचे तोंड असलेले खोलगट पात्र. भांडी घासणे-विसळणे, भाज्या व धान्य धुणे आणि हात धुणे यांसाठी ते वापरतात. महाराष्ट्रातील जुन्या घरांत ही कामे मोरीत होत. मोरी जमिनीलगत, बुटक्या कठड्याची आणि बहुधा शहाबादी फरशीची असे. भांडी बसून घासली जात. त्यासाठी राख व नारळाची शेंडी लागे, तर तांब्या-पितळेला चिंच. कोकणात मोरीचे पाणी परसातल्या अळवाला आणि केळींना जाई. गॅसची शेगडी आणि उभ्याचा ओटा घरोघरी आला तशी मोरीही ओट्यावर चढली. आधी कडप्प्याची, मोझेकची व पांढऱ्या चिनी मातीची सिंक आली; पुढे स्टेनलेस स्टीलने ती जवळजवळ हटवली.

सिंकची निवड बहुतेक ठिकाणी दुकानातील झळाळी पाहून होते. ती घरातील सर्वांत मोठ्या भांड्यावरून आणि ते घासणाऱ्या व्यक्तीच्या उंचीवरून व्हायला हवी. ताटल्या व पेले विसळण्यापुरते सिंक मराठी घरात अपुरे पडते. इथे रोज पाच लिटरचा कुकर, कढई, तवा, पातेली आणि कणकेची परात त्यात उतरते.

आकार : दोन-चार माणसांच्या घराला २१ × १८ इंची सिंक चालते, पण २४ × १८ इंच हे माप अधिक सोयीचे. जोडसिंक, म्हणजे दोन कप्प्यांचे सिंक, आकर्षक दिसते. एका कप्प्यात घासावे, दुसऱ्यात विसळावे, ही त्यामागची कल्पना. मात्र ३७ × १८ इंची जोडसिंकात प्रत्येक कप्प्याची रुंदी १६ इंचांच्या आसपासच मिळते. अठरा इंची परात त्यात आडवी बसत नाही. ती तिरपी धरावी लागते. नळाचे पाणी तिच्या काठावरून घरंगळून ओट्यावर येते आणि तिथून घासणाऱ्याच्या पोटावर. जागा असेल तर ४५ × २० इंची जोडसिंक घ्यावे, नाहीतर एकच मोठा कप्पा बरा. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनी असल्यास आणखी चांगला पर्याय मिळतो : ओट्यात भाज्या धुण्यापुरते लहान सिंक आणि खरकट्या भांड्यांसाठी बाल्कनीत मोठे. विकत घ्यायला जाताना परात आणि कुकर यांची मापे लिहून न्यावीत.

खोली व उंची : पाठदुखीचे मूळ बहुधा इथे असते. ओट्याची उंची साधारण ३२ ते ३४ इंच ठेवतात. ३३ इंची ओट्यात १० इंच खोल सिंक बसवले की तळ जमिनीपासून २३ इंचांवर येतो. पाच फूट उंचीच्या स्त्रीचा खाली सोडलेला तळहात दोन फुटांच्या आसपास असतो. तोच हात पुढे गेला की वर उचलला जातो आणि तळाशी पोचण्यासाठी तिला वाकावेच लागते. अशा घरात ७ ते ८ इंच खोली पुरे. त्याहून उथळ सिंकातून पाणी बाहेर उडते. ग्रॅनाइटच्या खालून बसवलेल्या सिंकात दगडाची पाऊण इंच जाडी खोलीत मिळवावी लागते, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

पोलाद : शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये क्रोमियमयुक्त, न गंजणारे पोलाद तयार केले. क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर अतिशय पातळ थर तयार होतो. ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो. सिंकसाठी ३०४ प्रतीचे पोलाद सर्वांत भरवशाचे. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. स्वस्त सिंक बहुधा २०२ प्रतीचे असते. त्यात महागड्या निकेलचा बराच भाग मँगनीजने भरून काढलेला असतो आणि ते डाग लवकर धरते. चुंबक चिकटला नाही म्हणजे माल ३०४ प्रतीचा, ही समजूत चुकीची आहे. २०२ प्रतीलाही चुंबक चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ प्रतीचा पत्रा दाबून वळवल्यावर कोपऱ्यांत किंचित चुंबकीय होतो. म्हणून बिलावर प्रत लिहून घ्यावी आणि घरगुती स्टेनलेस स्टील सिंकसाठीच्या आयएस १३९८३ या भारतीय मानकाचा उल्लेख आहे का, ते पाहावे. समुद्रालगतच्या घरात, मग ते मालवणला असो वा गोव्यात, खाऱ्या हवेतील क्लोराइड पोलादावरचा हा पातळ थर टोचून बारीक खड्डे पाडते. तिथे मॉलिब्डेनम असलेली ३१६ प्रत टिकते. ती महाग असते.

पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा वाढला की जाडी कमी होते. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेज म्हणजे एक मिलिमीटरच्या किंचित खाली. पातळ पत्र्यावर पातेले आपटले की मोठा आवाज होतो व पोचा पडतो. खालच्या बाजूला रबराची पट्टी व लेप असल्यास आवाज दबतो. साच्यात दाबून काढलेल्या सिंकाचा पत्रा कोपऱ्यांत ताणला जाऊन पातळ होतो, पण त्याचे कोपरे गोल असतात. पत्रा वाकवून व जोडून बनवलेल्या ‘हँडमेड’ सिंकाची जाडी सर्वत्र सारखी असते. त्यातही अगदी काटकोनी कोपऱ्यांचे सिंक घेऊ नये. भाताची शिते आणि डाळीचा गाळ नेमका त्या रेघेत बसतो, घासणी तिथे पोचत नाही आणि दोन दिवसांत वास येऊ लागतो. कोपऱ्याला बोटाच्या टोकाएवढी गोलाई आणि तळाला निचऱ्याकडे स्पष्ट उतार हवा.

इतर साहित्य : बारीक क्वार्ट्‌झ आणि राळ यांच्या मिश्रणाचे सिंक जर्मनीत शॉक या कंपनीने १९७९ मध्ये आणले. ते आवाज करत नाही, सहज ओरखडत नाही. पण बोअरचे जड पाणी असलेल्या गावांत गडद रंगाच्या अशा सिंकावर क्षारांचे पांढरे पट्टे उमटतात आणि ते रोज पुसावे लागतात. चिनी मातीचे सिंक सुंदर असते. लोखंडी तवा निसटला तर त्याचा टवका उडतो.

बसवणी : वरून बसवलेले सिंक पुढे बदलणे सोपे असते. खालून बसवलेल्या सिंकात ओट्यावरचे पाणी थेट आत लोटता येते, मात्र सांध्यातील सिलिकॉन काळे पडले की ते खरवडून नवे भरावे लागते. शेगडी आणि सिंक यांत किमान दोन फूट अंतर असावे, म्हणजे तापल्या तेलात पाणी उडत नाही. निचऱ्याचा नळ दीड-दोन इंची असावा व मीटरमागे दोन ते अडीच सेंटिमीटर उतरावा. सिंकाखालच्या बाटली ट्रॅपमध्ये किंवा नहाणी ट्रॅपमध्ये साठलेले पाणी गटारातील वास व झुरळे अडवते. मे महिन्यात घर बंद करून महिनाभर गावी गेल्यास हे पाणी आटते. परतल्यावर आधी बादलीभर पाणी सोडावे.

निगा : तारेच्या घासणीचे लोखंडी कण पत्र्यात रुततात व तेच गंजतात; दोष मात्र पोलादाला दिला जातो. ब्लीच किंवा मिठाचे पाणी सिंकात साठू देऊ नये. तळणीचे तेल व तूप नळात ओतू नये, थंडीत ते आत गोठते.

वास्तुशास्त्र मानणारी कुटुंबे सिंकासाठी ईशान्य कोपरा निवडतात. जागा कोणतीही ठरो, रोज भांडी घासणारी व्यक्ती, मग ती घरातली असो वा कामाला येणाऱ्या ताई, तिला आधी ओट्यापाशी उभे करून उंची पाहावी. ग्रॅनाइट एकदा कापला की ती बदलायला ओटा फोडावा लागतो.